उभ्या गावंडेबाई

एकोणीस वर्षं एका दफ्तरात समोरासमोर काढली, पण गावंडेबाईंना बसलेलं मी फक्त एकदा पाहिलं. सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. सरकारी दफ्तर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खुर्ची येते, आणि ते काही चूक नाही. मी स्वतः त्या खुर्चीचा जुना भक्त आहे. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपुराहून रायपूरला आले, पुरानी बस्तीत टेकले, ते आजतागायत टेकलेलेच आहेत. बसण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारं कोणी नाही. त्यामुळे बदली होऊन मी त्या दफ्तरात आलो आणि माझं टेबल नेमकं ह्या बाईंच्या टेबलासमोर लागलं, तेव्हाच माझ्या नशिबातली शांतता संपली.

दफ्तर बियाण्यांचं. छत्तीसगडच्या गावागावांतून भाताचे जुने वाण गोळा करायचे, पाकिटांत भरून थंड खोलीत ठेवायचे आणि दर काही वर्षांनी पेरून ताजे करायचे, असं आमचं काम. 'आमचं' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. गावं हिंडायच्या बाई, मी टायपिस्ट. पाकिटांवरची लेबलं, रजिस्टरच्या नकला, वर जाणारी पत्रं एवढं माझ्या वाट्याचं.

बाईंच्या खुर्चीवर त्यांची कापडी पिशवी बसायची. पिशवीत एक टॉर्च, एक स्टीलचा चमचा, रिकामी पाकिटं आणि दोन-तीन मुठी कसलं ना कसलं धान. बाई स्वतः उभ्या. डबा खिडकीत ठेवून उभ्यानं खायच्या, फोनवर बोलता बोलता पार जिन्यापर्यंत जाऊन यायच्या, सही करायची झाली तर माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून करायच्या आणि त्यासाठी माझा चहाचा ग्लास खुशाल सरकवायच्या. साडीखाली पांढरे बूट, उन्हानं करपलेला चेहरा, आणि पायाला चाकं. सुरुवातीला मी रीतीप्रमाणे म्हणायचो, "बसा ना, दीदी."

"बी बसलं का मेलं, बाबू," त्या म्हणायच्या. "तुम्ही बसा. तुमच्यात काय उगवाचं हाय आता?"

ह्यावर रागवायचं की हसायचं हे माझं एकोणीस वर्षांत ठरलं नाही. पण त्यातला पहिला भाग त्या खऱ्या अर्थानं म्हणत. बी पाकिटात वर्षानुवर्षं पडून राहिलं की उगवायचं विसरून जातं. म्हणून ते जमिनीत घालून, पीक घेऊन, पुन्हा नवं बी भरावं लागतं. बाईंना वाटायचं माणसाचंही तसंच आहे. त्यांचं माहेर वर्ध्याकडचं, नवरा रेल्वेत, लग्न होऊन रायपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. गावंडेसाहेब निवृत्त होऊन घरी असत. "एका घरात एकानं बसलं त पुरे," असं बाई त्यांच्याविषयी म्हणत, पण मायेनं.

बाईंच्या कामाची एक तऱ्हा होती आणि तिच्यापायी साहेब लोक वैतागत. फॉर्मवर पहिली ओळ असे, 'शेतकऱ्याचे नाव'. बाकीचे लोक गावात गेले की झाडाखाली खाटेवर बसत, घरचा पुरुष समोर येई, त्याचं नाव लिहीत, चहा पीत आणि फॉर्म भरून मोकळे होत. बाई खाटेला वळसा घालून थेट मागच्या दारी जायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "बासी हे का, दाई?" दाई म्हणजे आई, आणि बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात ती. मिळाली की पिशवीतला चमचा काढून उभ्यानं खायच्या, आणि खाता खाता विचारायच्या, कोणत्या धानाची? हेच काहून? आंबत नाही का दुपारपर्यंत?

"पुरुषाले विचारलं त तो सांगते, एकरात किती पिकते," त्या शिकाऊ पोरींना सांगायच्या. "बाईले विचारलं त ते सांगते, आंबते का, फुगते का, लेकराच्या पोटाले जड पडते का, पेंढा गाय खाते का. बी कशापायी ठेवलं ते तिच्यापाशी हाय. अन् पोट्टी हो, तुम्ही कागदावर कोणाचं नाव लिहून राहिल्या?"

ह्या पोरी, माझ्या घरच्या पोरीसारख्याच, मराठी समजून हिंदीत उत्तर देणाऱ्या. "जी मैडम," म्हणायच्या आणि बुटांचे बंद आवळायच्या.

एकदा साहेबांनी मलाही गावाला पाठवलं, गाडीत जागा होती म्हणून. तिथला घरधनी मोठा तोऱ्याचा. बाईंनी विचारलं, बियाणं कोण निवडतं? तो म्हणाला, "बीजा ला मैं छाँटथौं." बाईंनी पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात दोन वाणांचं धान मिसळलेलं होतं, वरून अगदी सारखं दिसणारं. "भैया, जरा अलग कर दो," असं म्हणून त्याच्या ओंजळीत ओतलं. त्यानं चष्मा लावला, चष्मा काढला, उन्हात नेलं, सावलीत आणलं. दाराआड त्याची बायको उभी होती. तिला राहवेना. बाहेर आली, सुपात ते धान घेतलं, मान वर न करता बोटांनी हे इकडे, ते तिकडे करत दोन ढीग लावले आणि आत गेली. घरधनी हसला. म्हणाला, हे काम बायकांचं, मी शेतीचं म्हणत होतो.

परत येताना बाई गाडीत सीटवर नव्हत्या, मधल्या दांड्याला धरून वाकून उभ्या होत्या. "हे काम बायकांचं म्हणते," त्या म्हणाल्या. "रोपा लावणं बायकांचं, निंदाई बायकांची, बी ठेवणं बायकांचं. अक्तीले दोन्यात बी घेऊन ठाकुरदेवापाशी जाते तवा मात्र हा पुढं." अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गावातले पुरुष पानाच्या द्रोणात बी घेऊन ग्रामदेवाला दाखवायला जातात. मी म्हटलं, "दीदी, बसा, पडाल." त्यांनी ऐकलं नाही, आणि पडल्याही नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण तीच मला सुखानं बसू देत नाही.

बाई निवृत्त व्हायच्या महिनाभर आधी, ऐन एप्रिलच्या शेवटी, वरून पत्र आलं. आमच्या थंड खोलीतला काजरकोर नावाचा भात नोंदणीसाठी निवडला होता. टोकाला काजळाची रेघ ओढल्यासारखा बारीक दाणा, पाऊस लवकर आटोपला तरी पदरात पडणारा. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाला त्या शेतकऱ्याचं नाव कायमचं जोडायचं, तसं प्रमाणपत्र द्यायचं, अशी योजना. फाइल आठ दिवसांत पाठवायची होती. साहेबांनी रजिस्टर मागवलं.

काजरकोर बाईंनीच आणला होता, मी दफ्तरात यायच्या तीन वर्षं आधी. रजिस्टरमध्ये त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: दाता – भनपुरहिन बाई, गाव परसाडीह. बस. नवऱ्याचं नाव नाही, घर नंबर नाही, काही नाही.

साहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

झालं होतं ते असं. छत्तीसगडात सुनेला सासरी तिच्या नावानं हाक मारत नाहीत. ती ज्या गावची, त्या गावावरून हाक मारतात. दुर्गची ती दुरुगहिन, आरंगची ती आरंगहिन, रायपूरची ती रइपुरहिन. भनपुरी म्हणजे आत्ताचं रायपूरच्या उत्तरेचं ट्रक आणि कारखान्यांचं भनपुरी, तेव्हा साधं खेडं होतं. तिथली लेक परसाडीहला दिली, ती झाली भनपुरहिन. गावं हिंडायला नुकत्याच लागलेल्या आमच्या गावंडेबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नाव विचारलं, म्हातारी म्हणाली, "भनपुरहिन कहिथें सब", आणि बाईंनी तेच नाव समजून लिहून घेतलं. पुढे दोन-चार वर्षांत त्यांना रीत कळली, पण जुन्या पानावर परत कोण जातं? आणि नवऱ्याचं नाव तर त्यांनी मुद्दामच लिहिलं नव्हतं. त्यांचा हट्टच तो.

साहेब तसे वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "मैडम, आपने पति का नाम लिखा होता तो आज काम आता."

हे वाक्य बाईंना फार लागलं. लागणारच. ज्या हट्टावर सगळी नोकरी काढली, तोच अंगावर उलटला होता.

दुसऱ्याच दिवशी त्या परसाडीहला जाऊन आल्या. म्हातारी दहा-बारा वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. नवरा बुधराम तिच्याही आधी गेलेला. जमीन आता पुतण्या कसत होता. त्याला काकूचं नाव ठाऊक नव्हतं. तो तिला बड़े दाई म्हणायचा. नवऱ्यानं बायकोचं नाव उच्चारायचं नाही, सुनांनी सासवांचं विचारायचं नाही, आधारची कार्डं निघाली त्याच्या आधीच ती गेली, आणि रेशनकार्डावर नवऱ्याच्या नावाखाली नुसतं 'पत्नी' लिहिलेलं. म्हातारी त्या गावात पन्नासएक वर्षं राहिली, राबली, आणि तिचं नाव गावात कोणापाशीच नव्हतं.

साहेबांनी तोडगा काढला. दाता म्हणून स्वर्गीय बुधरामचं नाव घालू, प्रमाणपत्र पुतण्याला देऊ. पुतण्याही तयार होता. सरळ माणूस, त्यानं काही लबाडी केली नव्हती. मला मसुदा टाइप करायला सांगितला, मी केला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो.

बाईंनी माझ्या टेबलावरून तो कागद उचलला, वाचला आणि फाडला.

"बुधरामनं ठेवलं का बी? काहून लिहिलं तुम्ही?"

"दीदी, साहेबांनी सांगितलं."

"साहेबांनी सांगतलं त तुम्ही माह्याही नावापुढं गावंडेसाहेबाचं नाव लिहान?"

मी म्हटलं, ते तर लिहितोच की, तुमच्या सर्व्हिस बुकात आहे. हे बोलायला नको होतं. त्या व्हरांड्यात जाऊन येरझारा घालू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर चिवड्याची पुडी होती. माफी मागायची त्यांची ती पद्धत. पुडी उघडतोय तोच समोर येऊन उभ्या राहिल्या. "उठा, बाबू. भनपुरीले चालून राहिलो आपण. तुम्ही इथले, तुम्हाले छत्तीसगढ़ी नीट येते."

"मी? ह्या उन्हात?"

"चिवडा फुकट देल्ला का मी?"

त्यांचा हिशेब सोपा होता. सासरी नाव नाही, तर माहेरी असणार. माहेरात लेकीला नावानं हाक मारतात. मी त्यांच्या स्कूटीवर मागे बसलो आणि दोन्ही बाजूंनी ट्रक जात असताना ओळखीच्या सगळ्या देवांची नावं घेतली. भनपुरी म्हणजे गॅरेजं, टायरचे डोंगर, लोखंडाची धूळ. ह्यात जुनं गाव शोधायचं म्हणजे गव्हातला खडा. पण एका वजनकाट्यामागे तलाव सापडला, तलावाकाठी एक पारा सापडला, पारा म्हणजे वस्ती. पिंपळाच्या चौथऱ्यावर चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. बाईंनी धावत जाऊन विचारलं, परसाडीहला दिलेली इथली लेक कोणाला आठवते का? चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक राजिमहिन, एक धमतरहिन, बाकी दोघीही अशाच कुठल्या कुठल्या. साऱ्या सुना! इथल्या लेकी त्यांच्या यायच्या आधीच उजवून गेलेल्या. माहेरी लेक राहत नाही आणि सासरी नाव राहत नाही. मला त्या क्षणी पहिल्यांदा बाईंच्या पायांतली आग कळली. उठून कुठेतरी चालत सुटावं असं वाटलं.

राजिमहिन म्हणाली, इथे जन्मलेला पुरुष शोधा, पुरुष जागचे हलत नाहीत. तिनंच एका पंक्चरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथे मालकाचा म्हातारा बाप खाटेवर पडून होता, पंचाहत्तरीचा. मी त्याला छत्तीसगढ़ीत विचारलं. परसाडीहचं नाव निघताच तो उठून बसला.

"मोर बड़े दीदी," तो म्हणाला. "सुकवारो."

शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. बाईंनी ते नाव दोनदा मोठ्यानं म्हटलं. म्हातारा रडू लागला. म्हणाला, किती वर्षांनी कोणी दीदीचं नाव घेतलं. पण कागद? कागद कुठला असायला! तिला कोणी शाळेत घातलं नव्हतं. बाई निघायला वळल्या, तेवढ्यात त्याला काही आठवलं. "ददा ह गोल बजार ले बटकी लाय रिहिस. नाव घलो खोदवाय रिहिस." लग्नात वऱ्हाडाच्या भांड्यांत लेकीची भांडी मिसळू नयेत म्हणून बापानं गोल बाजारातून काशाची बटकी आणली होती, आणि तिच्यावर नाव कोरून घेतलं होतं. बटकी म्हणजे बासी खायचा वाडगा.

मी विचारलं, आता? बाई स्कूटी सुरू करून बसल्या होत्या. बसल्या म्हणजे तेवढ्यापुरत्या. स्कूटीवरचं बसणं मी धरत नाही.

परसाडीहच्या वाटेवर माझी जीभ टाळूला चिकटली तेव्हा कुठे त्या एका उसाच्या चरकीशी थांबल्या. मी बाकड्यावर कोसळलो. बाई ग्लास हातात धरून उन्हात उभ्या.

"माह्यं नाव बी तांदळातच गेलं, बाबू," त्या एकाएकी म्हणाल्या. "लग्नात ताटात तांदूळ पसरले, गावंडेसाहेबानं अंगठीनं त्यात लिहिलं, कमल. सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या. मी बी हासली. मंग ते तांदूळ उचलून खिरीत टाकले."

"त्याआधी काय होतं नाव?"

त्यांनी ग्लास चरकीवाल्याला परत दिला. "चला. उशीर होऊन राहिला."

परसाडीहला पुतण्या घरी नव्हता. त्याची बायको होती, तिला गावात आरंगहिन म्हणत. बाईंनी आधी तिला दटावलं, हे नाही, बापाच्या घरचं नाव सांग. तिनं लाजत सांगितलं, बिमला. मग बाईंनी बटकीचं विचारलं. बिमला म्हणाली, बड़े दाईची बटकी तर रोजच्या वापरात आहे. काजरकोरही आहे. घरधनी नवं धान पेरतो, ती मात्र मागच्या बारीत, म्हणजे परसातल्या तुकड्यात, काजरकोर लावते, कारण त्याची बासी दुपारपर्यंत आंबत नाही. बड़े दाईनं मरताना बियाची गठडी पुतण्याकडे नव्हती दिली, तिच्याकडे दिली होती.

ती आत गेली आणि बटकी घेऊन आली. जड, जुनी, आतून सोन्यासारखी पिवळी आणि एका बाजूला काठावर चेपलेली.

बाईंनी तो चेपलेला काठ पाहिला. "हेच," त्या म्हणाल्या. "ह्यातच देल्ली होती मले तिनं बासी. ह्या काठानं ओठाले लागलं होतं माह्या."

बिमलानं बटकी उलटी केली. बुडाशी घासून घासून पुसट झालेली, तरी वाचता येणारी अक्षरं होती. सुकवारो, भनपुरी.

आणि गावंडेबाई बसल्या. तिथेच, चुलीजवळच्या सारवलेल्या जमिनीवर, बटकी मांडीत घेऊन. "तिचं नाव माह्या हातात होतं, बाबू," त्या म्हणाल्या. "मी त्यातच खाल्लं. खाता खाता तिले नाव विचारलं, अन् भलतंच लिहिलं. नुसती उलटी करून पाह्यली असती त." त्या रडत होत्या. मी रायपूरचा खानदानी बसणारा माणूस, पण त्या घरात मला बसवेना. मी दारात उभा राहिलो. बिमलानं त्याच बटकीत बासी वाढली, वर मीठ आणि कांदा ठेवला आणि बाईंपुढे सरकवली. बाईंनी चमचा काढला नाही, हातानं खाल्ली.

पुढचं सारं झटपट झालं, कारण उठल्यावर बाईंना कोणी थांबवू शकलं नाही. पंचायतीच्या सचिवाला जेवणावरून उठवलं. पाऱ्यातल्या अकरा बायका गोळा केल्या. भनपुरहिन हीच सुकवारो आणि काजरकोरचं बी तिनंच राखलं, असं त्यांच्या अंगठ्या-सह्यांनिशी लिहून घेतलं, आणि प्रत्येकीला स्वतःचं माहेरचं नाव लिहायला लावलं. तिघी-चौघींना ते आठवायला वेळ लागला. सचिव घड्याळ पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "मैडम, मुझे कागज़ चाहिए, कहानी नहीं." बाईंनी पिशवीतून बटकी काढून त्यांच्या टेबलावर पालथी घातली. "कागज़ बाद में, सर. पहले ये पढ़िए." साहेबांनी चष्मा वर केला, अक्षरांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग पंचायतीचा कागद मागितला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, टाइप करो. मी टाइप केलं: दाता – स्व. सुकवारो उर्फ भनपुरहिन, जतन करणारी – बिमला, गाव परसाडीह. फाइल वेळेत गेली. बाई बटकी परत द्यायला त्याच संध्याकाळी परसाडीहला गेल्या. डाकेनं पाठवू म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषयच सोडला.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या निवृत्त झाल्या. हॉलमध्ये साहेबांची उंच पाठीची खुर्ची आणून तिच्यावर झेंडूचा हार टांगून ठेवला होता. समोसे निवत चालले होते. गावंडेसाहेब पहिल्या रांगेत शांतपणे बसले होते. उत्सवमूर्तीचा पत्ता नव्हता. मला शोधायला पाठवलं.

त्या बियाण्याच्या खोलीत होत्या. काजरकोरचं नवं पाकीट भरायचं राहिलं होतं. मोठ्या ताटात धान पसरून, उभ्यानंच, खडे-काडी निवडत होत्या. मला म्हणाल्या, "बरं झालं आले. लेबल करून द्या. जुन्यावर चुकीचं हाय."

तिथल्या मशीनवर मी लेबल घेतलं. वाण, काजरकोर. दाता, सुकवारो उर्फ भनपुरहिन. मग शेवटची ओळ आली, संग्राहक. ती मी न विचारता टाइप करू लागलो, कारण एकोणीस वर्षं दर लेबलावर तीच करत आलो होतो. क-म-ल.

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तळहातानं ताटातलं धान सारखं केलं. मग बोटानं त्यात लिहिलं. सावकाश, सवय मोडलेल्या माणसासारखं. मी मान वळवून वाचलं. चंद्रकला.

मी नवं लेबल घेऊन टाइप केलं: संग्राहक – चंद्रकला उर्फ कमल गावंडे. लेबल काढून बाईंच्या हातात दिलं. हजारो पाकिटं मी केली, एकाही लेबलात चूक सापडली नाही म्हणून साहेबांनी दोनदा शाबासकी दिली होती. आणि समोर उभ्या असलेल्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं.

बाईंनी लेबल चिकटवलं. ताट तिरपं केलं, नावासकट धान पाकिटात ओतलं. एक मूठ बाजूला काढून आपल्या पिशवीत टाकली.

"दीदी, हॉलमध्ये सगळे थांबलेत. हार आहे, खुर्ची आहे."

"बिमलाची बारी वखरून झाली असन," त्या म्हणाल्या. "चार दिवसांत पेरा हाय तिचा. मी दोन मिनिटात येतो म्हणून सांगा."

आणि गेल्या, जिन्याकडे. मी खिडकीशी उभा राहिलो. खाली स्कूटीवर पिशवी अडकवताना त्यांचे पांढरे बूट दिसले, मग गेटबाहेर वळताना नुसता पदर. मी तिथून "चंद्रकलाताई" अशी हाक मारली, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी ऐकली की नाही ठाऊक नाही. स्कूटी मात्र गेटपाशी क्षणभर थांबली होती.

हॉलमध्ये खुर्चीवर हार तसाच होता. मला कोणीतरी बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.